पद्धत पूर्वीप्रमाणे

सर, तुमच्या आठही वह्या माझ्याकडे आहेत. तुम्ही गेल्यावर काकू मुलीकडे राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "घेऊन जाय माय, नाईतर रद्दीत जातीन." मी त्या घरी आणल्या, पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, डांबरगोळ्या टाकल्या आणि तीस वर्षं त्या पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवत आले. या काळात मी गडचिरोलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, गुडघे दुखायला लागले. वह्या एकदाही उघडल्या नाहीत. कोणी विचारलं असतं तर वेळ मिळाला नाही असं सांगितलं असतं. पण कोणी विचारलंच नाही, आणि म्हणूनच या पौषात एक बाई विचारत आली तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला.

ती पुण्याची. तिशीतली, संशोधक, पांढऱ्या गाडीतून आली. बूट इतके स्वच्छ की धानोऱ्याच्या जंगलातून ती खरंच जाऊन आली का, हा प्रश्न मला पडला. कुठल्याशा जुन्या अहवालात तुमचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात माझं नाव तिला सापडलं होतं. "मॅडम, त्या गावातल्या मोहाच्या झाडांची इतकी जुनी नोंद दुसरीकडे कुठेच नाहीये. हा खजिना आहे," असं ती म्हणाली. खजिना म्हणणाऱ्या माणसाला मी आधी दारातच उभं करते. ज्याला जुनी वस्तू इतक्या घाईने हवी असते, त्याला ती तिच्या जुनेपणासाठी नको असते. मी विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, सगळी माहिती संगणकावर सर्वांसाठी खुली ठेवायची आहे. मी विचारलं, आणि त्याआधी? त्यावर ती हसली आणि चहा छान झालाय म्हणाली. मी वह्या बाहेर नेऊ दिल्या नाहीत. माझ्यासमोर, माझ्या टेबलावर, पानापानाचे फोटो काढू दिले.

तुमची पहिली वही उघडली आणि मी पुन्हा एकवीस वर्षांची झाले. बी.एस्सी.चा निकाल लागलेला, आणि तुम्ही मला त्या गावात नेलंत. एकेचाळीस झाडं, प्रत्येकावर पत्र्याचा नंबर, आणि प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या घराचं. जंगल सरकारचं असलं तरी मोह घराचा, हे तिथे कोणी कागदावर लिहिलेलं नव्हतं आणि कोणी मोडतही नव्हतं. फाल्गुनातली पहाट. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी केलेली, आणि त्या काळ्यावर पिवळट फुलं टपटप पडताहेत. बायका वाकून वेचताहेत. मी अकरा नंबरच्या झाडाखाली काटा धरून उभी आहे, टोपली लटकवते आणि वहीत लिहिते: चार पूर्णांक दोन. तुम्ही मागून येता, वही घेता, बघता.

"चार पूर्णांक दोन काय गं? किलो? पायल्या? का तुझी अक्कल?"

मी म्हणते, किलो, सर.

"टोपलीसकट? का टोपली सोडून? ओली फुलं का वाळली? कोणत्या काट्यावर? किती वाजता? अनोळखी माणूस गावात आला का म्हातारे काय विचारतात? कोण्या गावचा, कोणाचा. तसं आकड्यालेबी विचारत जाय. नाईतर उद्या हा आकडा कोणाच्याबी घरी जाऊन जेवन."

बायका हसल्या. अकरा नंबरचं झाड जिचं होतं ती सगळ्यांत मोठ्याने. तुम्ही वहीचं पहिलं पान उघडलंत आणि माझ्याकडून उभ्याउभ्या लिहून घेतलंत: फुलं ओली, झाडाखालीच तोलणे, सकाळी आठच्या आत, टोपलीचं वजन वजा, रोजच्या वजनांची आठवड्याला बेरीज. शाई दवाने फुटते म्हणून स्वतःच्या खिशातली पेन्सिल मला देऊन टाकलीत. दर शनिवारी मी काटा घेऊन तुमच्या घरी यायचे. स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला तो अडकवून किराणा दुकानातून आणलेली वजनं लटकवायची आणि काटा खरं बोलतो का ते पाहायचं. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "आधी याहीलेच लटकव त्याच्यावर. अर्ध्याच्या वर तं डोकंच भरन." तुम्ही ऐकू न आल्यासारखं करून आकडा सांगायचात. असे दोन मोसम मी त्या गावात राहून काढले. मी पाठवलेल्या चिठ्ठ्या तुम्ही रविवारी वहीत उतरवायचात, म्हणून सुरुवातीची माझी काही पानं सोडली तर सगळ्या वह्या तुमच्या अक्षरात आहेत.

माघाच्या शेवटी त्या बाईकडून दोन गोष्टी एकदम आल्या. एक होता अर्ज. संगणकावर भरायचा, चौकटीच चौकटी. कोणी मोजलं, कशाने मोजलं, एकक काय, कधी मोजलं, पद्धत बदलली का, बदलली असेल तर केव्हा आणि का. याला ती मेटाडेटा म्हणते. म्हणजे तुमचं पहिलं पानच, फक्त लांबलचक. ते वाचून मला क्षणभर ती आवडली. मग मी दुसरी गोष्ट उघडली. तो तिचा अहवाल होता, मसुदा म्हणून पाठवलेला, वीस पानी, रंगीत. त्यात तुमच्या आकड्यांचा आलेख होता. पहिली दोन वर्षं उंच, तिसऱ्या वर्षी एकदम खाली, जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर, आणि मग तो वर आलाच नाही. पुढे तिने स्वतः गेल्या दोन मोसमांत केलेली मोजणी जोडली होती. तीही तितकीच खाली. निष्कर्ष असा की झाडं म्हातारी झाली आहेत, फुलोरा खचला आहे, आणि त्या पट्ट्यात जुनी झाडं काढून बांबू लावण्याचा विचार व्हावा. हा अहवाल एका समितीपुढे जाणार होता. आकडे आधी वापरले होते, आणि ते कशाचे, हे आता विचारत होते. सर, मी तो अर्ज तसाच मिटला. एकेचाळीस झाडं म्हणजे एकेचाळीस घरांचा चैत्र-वैशाख. वेचलेला मोह विकूनच तिथे पावसाळ्याची मीठमिरची येते. बांबूखाली काय वेचायचं?

आता मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. मी त्या बाईवर संशय घेतला, समितीवर घेतला, बांबू ज्याला हवा असेल त्याच्यावर घेतला. आणि मग तुमच्यावर घेतला. झाडं एका वर्षात म्हातारी होत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. दुष्काळ पडला असता तर एक वर्ष पडझड, पुढे सावरायला हवं होतं. मग तिसऱ्या वहीत झालं काय? मी पहिलं पान उघडलं. पहिल्या दोन वह्यांत ते पान भरलेलं आहे, तिसऱ्या वहीत फक्त दोन शब्द: पद्धत पूर्वीप्रमाणे. त्यापुढच्या प्रत्येक वहीत तेच. ज्या माणसाने मला बायकांसमोर एका आकड्यावरून फाडून खाल्लं, त्याने सहा वर्षं दोन शब्दांत उरकली? मी चार दिवस टेबलाशी बसून आकड्यांची शेपटं, म्हणजे शेवटचे अंक, तपासली. घरी बसून आकडे पाडणारा माणूस शून्य आणि पाच फार लिहितो, हे मी विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या तपासून शिकले आहे. तुमच्या वह्यांत शून्य-पाच जास्त नव्हते. तरी समाधान होईना. मग वाटलं, गावाने फसवलं असेल. व्यापाऱ्याला कळू नये म्हणून बायकांनी माल लपवला असेल. निवृत्त मास्तरणीचं डोकं असंच चालतं. कोणीतरी नक्कल केली आहे, फक्त कोणी ते शोधायचं.

चैत्र लागला होता, मोह गळत होता. मी एसटीने धानोऱ्याला गेले आणि तिथून एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून गावात. अकरा नंबरची ती बाई अजून आहे. पंचाहत्तरीच्या पुढे असेल, पाठ वाकलेली, जीभ मात्र वाकलेली नाही. अंगणात मोह वाळत घातलेला, तपकिरी पडत चाललेला, आणि ती काठीने कोंबड्या हाकत बसलेली.

"कोन व्हय?"

"मी. काटावाली."

तिने डोळ्यांवर हात धरून मला पाहिलं. "अवो माय! जिवंत आहेस? मले वाटलं, मास्तरच्या मांगं मांगं तूबी गेली. आता काऊन आली? काटा आनला का?"

"काटा नाही, काकू. विचारायला आले."

"विचारायले तं थे गाडीवालीबी आली होती. च्या पेली, फोटू काहाडले, गेली. म्हणे झाडं म्हातारे झाले. मी म्हणलं, म्हातारी मी झाली बाई, मले काहाड. झाड काऊन काहाडतं?"

मी तिच्याजवळ खाटेवर बसले आणि सरळ विचारलं. मला आडवळण जमत नाही. म्हटलं, "काकू, खरं सांगा. तिसऱ्या सालापासून तुम्ही बायकांनी वजन कमी का दाखवलं? कोणाला भिऊन?"

तिने हातातली काठी खाली ठेवली. मग हसायला लागली, आणि हसता हसता खोकायला लागली. सुनेने पाणी आणलं. "कमी? कोन कमी दाखवलं? पैल्या दोन साली ओला तोलत होतो आमी, तुह्या मास्तरच्या नादानं. ओला मोह कोन तोलते, सांग बरं? दुनियाभर कोनी तोलते का? मोह म्हणजे वाळला. मंग तूच तं नोकरीले लागली. तूच म्हणली, काकू, माह्याच्यानं रोज सकाळी येनं नाई होत, तुमी वाळवून ठेवा, रईवारी येऊन एकदमच तोलतो."

"मी?"

"नाई तं का मी? इथीच बसली होती, याच खाटेवर. अन् म्हणली, मास्तरले सांगजो नोको."

सर, त्या अंगणात बसल्या बसल्या मला एकेक गोष्ट परत आली. शाळेतल्या त्या पहिल्या नोकरीची सकाळपाळी. शनिवारी रात्री कपडे धुऊन ठेवणं, रविवारची पहिली बस, एका दिवसात एकेचाळीस घरं. प्रत्येक घरी गोणपाटात आठवड्याचा वाळलेला मोह, मी तोलते, चिठ्ठीवर आकडा लिहिते आणि पुढच्या घरी जाते. चिठ्ठीवर फक्त झाडाचा नंबर आणि आकडा. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत आहेत असं तुम्हाला वाटत होतं, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही लिहिलंत, पद्धत पूर्वीप्रमाणे. ते दोन शब्द खोटे होते आणि तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं. मी चार दिवस ज्याची चोरी शोधत होते तो चोर पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवत होता.

तरीही मी त्या म्हातारीच्या शब्दावर विसंबले नाही. माझ्या आठवणीवर तर मुळीच नाही. भाजीवाल्याकडे असतो तसा बॅटरीचा हुकवाला काटा धानोऱ्याच्या बाजारातून आणला, किराणा दुकानातल्या वजनांनी तपासला आणि आठ दिवस तिच्या घरी राहिले. रोज पहाटे अकरा नंबरखाली, आठच्या आत, टोपली वजा करून ओला तोलला. तोच मोह वेगळा वाळवला आणि आठवड्याच्या शेवटी पुन्हा तोलला. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "तुह्या मास्तरचं भूत लागलं तुले." सून रोज विचारायची, "आत्या, ह्या बाईले घरी कामधंदा नाई का?" ओल्याची बेरीज तुमच्या पहिल्या वहीतल्या अकरा नंबरच्या आकड्यापाशी आली. वाळलेल्याची तिसऱ्या वहीपाशी. एका झाडाचा एक आठवडा म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण त्या वीस पानांना आडवं लावायला तेवढा दगड पुरतो.

गावाच्या टोकाला टेकडीवर रेंज येते. तिथून मी त्या पुण्याच्या बाईला फोन केला. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पण मॅडम, मोह वाळवूनच तोलतात ना? मी सगळ्या घरांत तसाच तोलला."

"सगळे तसाच तोलतात. म्हणूनच कोणी सांगत नाही. तुम्हीही तुमच्या अहवालात वाळलेला असं कुठे लिहिलेलं नाही."

"मग सरांनी ओला का तोलला?"

"कोणाच्या अंगणात किती ऊन, किती दिवस ठेवला, रात्री दव पडलं का, यावर वाळलेल्याचं वजन बदलतं. त्यांना झाड मोजायचं होतं, अंगण नाही."

"हे कुठेतरी नोंदवलेलं असायला हवं होतं."

"पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. तुम्ही फोटो काढला आहे त्याचा."

तिने तो फोटो उघडून पाहिला असावा. मग हळू आवाजात म्हणाली, "पहिलं पान टाइप नाही केलं, मॅडम. त्यावर आकडे नव्हते."

मी तिला झापायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझा काय अधिकार? एवढंच म्हटलं, अहवाल परत मागवा. ती म्हणाली, गेला आहे, परवा बैठक आहे, कारण काय देऊ? मी म्हटलं, कारण मी लिहून देते. घरी येऊन तो अर्ज उघडला आणि भरला. ओला, वाळलेला, काटा, वेळ, टोपली. पद्धत बदलली का: हो, तिसऱ्या मोसमापासून. का: मोजणाऱ्या व्यक्तीला रोज जाणं सोयीचं नव्हतं म्हणून. मुख्य संशोधकाला कळवलं का, अशी चौकट त्यात नव्हती. मी शेऱ्याच्या जागी लिहिलं, कळवलं नाही, त्यामुळे वह्यांतला "पद्धत पूर्वीप्रमाणे" हा शेरा चूक आहे आणि त्या चुकीला ते जबाबदार नाहीत. तिने फोन करून सुचवलं, "मॅडम, व्यक्तीचं नाव नको. 'क्षेत्रीय सहायक' लिहिलं तरी चालतं." मला माहीत आहे, चालतं. म्हणूनच मी पूर्ण नाव लिहिलं, माहेरचंही, कारण तेव्हा तेच होतं.

समितीने विषय पुढे ढकलला असं कळलं. पुढे ढकललेल्या गोष्टी मेलेल्या नसतात, नुसत्या झोपलेल्या असतात. त्या बाईने येत्या मोसमात एकेचाळीसच्या एकेचाळीस झाडांखाली दोन्ही वजनं घ्यायचं कबूल केलं आहे. मी तिला सांगितलं आहे की मी सोबत येणार आणि काटा माझ्या हातात राहणार. तिला ते फार आवडलेलं दिसलं नाही. ठीक आहे. मलाही ती अजून पुरती पटलेली नाही.

हे पत्र त्या माहितीला जोडायचं का, असं काल मनात आलं. नाही जोडणार. पाठवायला पत्ता नाही, आणि जे अर्जात लागतं ते मी अर्जात लिहिलं आहे. एकच गोष्ट तिथे बसत नाही, कारण ती झाडांबद्दल नाही.

शेवटच्या महिन्यात तुम्ही चंद्रपूरच्या दवाखान्यात होतात. मी भेटायला आले होते, काकू औषध आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही आठवी वही उशाशी ठेवली होती. तुम्ही मला खुर्ची ओढायला सांगितलंत आणि विचारलंत, "काऊन गं, झाडं थकली का आपली?" तुम्हाला आवाज नव्हता, तरी दोनदा विचारलंत. मी म्हटलं, "असतील, सर." तुम्ही मान हलवलीत आणि भिंतीकडे तोंड केलंत. पुढची तीस वर्षं मी ते खरंच विसरले असेन. पण त्या दिवशी मला सगळं आठवत होतं.